सहा मणांची चोरी

संशयाला औषध नाही म्हणतात; रावसाहेब इनामदारांना तर तो आजार जन्माचाच होता. भुईमुगाच्या शेंगा वाळेपर्यंत कुणीतरी पळवील, म्हणून त्यांनी त्या उपटल्या दिवशीच तोलून घेतल्या. वीस मण भरल्या. शिमग्याला पुन्हा तोलल्या, तर चौदाच!

"लिही वहीत," रावसाहेब कारकुनावर गरजले, "सहा मण चोरीला. कोठाराची राखण अंबाक्काकडे, तेव्हा भरपाई तिच्याकडून. तिची म्हैस सोडून आणा!"

अंबाक्काची ती एकुलती एक दुभती म्हैस. पण बाई डगमगली नाही. रावसाहेबांचं धोतर नुकतंच विहिरीवरून धुऊन आलं होतं, ते तिनं उचलून पारड्यात टाकलं. दीड शेर भरलं. मग तिनं ते अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं.

"रावसाहेब, याची राखण तुम्हीच करा. दुसऱ्याचा काय भरवसा?"

रावसाहेब ईर्ष्येनं खुर्ची टाकून बसले. दुपारपर्यंत त्यांनी धोतरावरची नजर हलवली नाही. मग सगळ्यांदेखत ते पुन्हा तोललं. अर्धा शेर!

अंबाक्का कारकुनाकडे वळली. "लिहा, शेरभर चोरीला. भरपाई राखणदाराकडून. रावसाहेब, तुमची म्हैस कुठं बांधलीय?"