कांदेनवमीच्या मंद आचेची कहाणी

ऐक चुलीमाते, तुझी कहाणी. आटपाट नगरात एक घर होतं. घरात सासू भागाबाई, सासरे गणोजी आणि सून यमुना. सासरे तापातून उठले, पण तोंडाची चव गेली. भाकरी पुढे आली की तोंड फिरवीत. अंगावर मांस उरलं नाही.

मग आषाढातली कांदेनवमी उजाडली. एकादशी आली की चार महिने घरात कांदा बंद. नवमीलाच काय तो खाऊन घ्यायचा. सासरे म्हणाले, "सूनबाई, माझी आई कांदा शिजवी. खजुरासारखा तांबूस, गुळासारखा गोड. तो मिळाला तर घास उतरेल." सासूनं डोळ्याला पदर लावला. "चार महिने काही हे काढत नाहीत गं. व्हायचं ते आजच."

तोच रस्त्यावर दवंडी आली. "ऐका हो ऐका! कांदा घटकेत तांबूस होतो! जाळ वाढवा, साखर घाला!" यमुनेनं ऐकलं, खरं मानलं. जाळ वाढवला. कांदा वरून काळा, आतून कच्चा. सासऱ्यांनी तोंड फिरवलं. मग दुसऱ्यांदा चिरला, साखर घातली. चिकट पाक झाला. सासरे म्हणाले, "हा कांद्याचा मुरंबा तुम्हीच खा." घरातले कांदे संपले. यमुना उंबऱ्यावर रडत बसली.

मग एक म्हातारी आली. डोईवर कांद्यांची टोपली, हाताला राख. "बाई बाई, का रडतेस?" यमुनेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "रडू नको, वसा घे."

"वसा कसा करावा?"

"कांदे उभे, पातळ चिरावे. जाड बुडाच्या कढईत तेल आणि चिमूटभर मीठ घालावं. लाकडं मागे ओढावी, नुसत्या निखाऱ्यांवर ठेवावं. तळाला लागलं की पाण्याचा शिंतोडा द्यावा, खरवडून घ्यावं. जाळ वाढवू नये, साखर घालू नये, पाट सोडू नये. कुणी झालं म्हटलं तरी ऐकू नये, आपल्या डोळ्यांनी बघावं."

"नैवेद्य काय दाखवू?"

"देव्हाऱ्यात कांदा चालत नाही. मी चुलीत असते. मला वास पुरतो."

टोपली ठेवून म्हातारी दिसेनाशी झाली. यमुना कढईपाशी बसली. मग शेजारीण आली. "चल गं पाण्याला, जरा गप्पा मारू." यमुना उठली नाही. कांदा काचेसारखा झाला. मग सासू आली. "टोपलीभर घातलेस, उरले पसाभर! बाकीचे खाल्लेस का गं?" "सासूबाई, वाफ झाली. बसा, बघा." सासू बसली. कांदा पिवळा झाला. मग काखेत डफ घेऊन दवंडीवाला दारात आला. "काय बाई, अजून होतोच आहे? घटकेत होतो म्हणून मी ओरडलो होतो."

यमुना उसळली. "कढईपाशी कधी बसला होतात?"

"नाही बुवा."

"मग गावभर सांगितलंत कसं?"

"वरून सांगतात, मी ओरडतो."

"तोंड तुमचं ना? मग खोटंही तुमचंच. दोन कढया वाया गेल्या, माझे सासरे उपाशी राहिले. आता बसा इथं. होईतो उठायचं नाही."

दवंडीवाला बसला. गुडघे अवघडले, बसला. भूक लागली, बसला. डुलकी आली, सासूनं ढोसलं, तरी बसला.

मग कांदा तांबूस झाला. वास माजघर ओलांडून खाटेपाशी गेला. सासरे उठून बसले. "अगं, भाकरी टाक." पहिला घास उतरला. दुसरा उतरला. तिसऱ्याला म्हणाले, "हाच तो. मीठ मात्र आई जरा कमी घालायची."

सासू हसली. "खोट काढली! म्हणजे हे बरे झाले हो!"

दवंडीवाल्यानंही भाकरी खाल्ली, बोटं चाटली, डफ उचलला, चौकात गेला. "ऐका हो ऐका! सकाळी सांगितलं ते खोटं! कांदा घटकेत होत नाही! मी बसून पाहिलं आहे!"

चुलीमाता जशी यमुनेला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. गेलेली चव परत येवो. टोपलीभर कांद्यांची कहाणी वाटीभर उरून सुफळ संपूर्ण.