भागाक्काचं विरजण

खूप खूप वर्षांमागची गोष्ट आहे, बाळांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण ही तुम्हालाच जास्त लागू आहे!

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात भागाक्का राहायची. तिचं दही असं कवडी, की वाटी उपडी केली तरी सांडायचं नाही. त्याचं विरजण तिला सासरी येताना आईनं दिलं होतं. आई गेली, पण तिच्या हातची चव त्या गाडग्यात राहिली होती.

दिवेलागणीच्या आत बायका वाट्या घेऊन यायच्या. "अक्का, चमचाभर विरजण द्या हो." अक्का द्यायची. एकदा मांजरानं तिचंच गाडगं लवंडलं, तर शेजारच्या ठकूकडून तिनं आपलंच विरजण मागून आणलं आणि दोघी पोट धरून हसल्या. काय दिवस होते ते!

मग एक व्यापारी आला. दही चाखून म्हणाला, "बाई, हे फुकट वाटता? कमाल आहे! सगळं दही मी शहरात नेतो. गावात मात्र चमचाभरही देऊ नका. घरोघरी असंच दही लागलं, तर तुमच्याला भाव कोण देईल?"

अक्काला पटलं. गोड बोलणं कुणाला पटत नाही? ठकू वाटी घेऊन आली, तेव्हा अक्का म्हणाली, "आता विरजण मिळायचं नाही, बाई."

ठकू रिकामी वाटी घेऊन परतली. हळूहळू घरोघरचं अक्काचं विरजण कुठे नासलं, कुठे संपलं, आणि बायकांनी पलीकडच्या गावाहून दुसरं आणलं.

एका उन्हाळ्यात अक्का आठवडाभर तापानं पडली. उठून पाहते तर गाडग्यात किडे! ती तशीच ठकूकडे धावली.

"देते की, अक्का," ठकू म्हणाली, "पण हे तुमचं नाही हो. तुमचं होतं तेव्हा मी आले होते."

अक्कानं व्यापाऱ्याला गाठलं. "शहरात कुणाकडे असेल का हो थोडं?"

तो हसला. "शहरात दही खातात, बाई. ठेवतंय कोण?" आणि तो दुसऱ्या गावचं दही शोधायला निघून गेला.

अक्कानं ठकूचंच विरजण लावलं. दही चांगलं लागलं, पण आईची चव काही आली नाही. पहिल्या घासाला तिला रडू फुटलं. मग डोळे पुसून तिनं वाटी भरली आणि कुणी मागायच्या आधीच शेजारी नेऊन दिली.

तात्पर्य: जे वाटल्यानं टिकतं, ते बाजारात मांडलं की आधी आपल्याच घरातून जातं.