खासदार डोमाजी डोंगेवाले

वैनगंगेवर आमच्या भागात एकही पूल नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. नदीच्या अल्याड सोनेरटोला, पल्याड खांबाडी, मध्ये पाणी आणि पाण्यावर डोमाजी दिघोऱ्याचा डोंगा. डोमाजी ढिवराचा, मासे धरणाऱ्या घरातला. अक्षरओळख जेमतेम. पण डोंग्यात बसलेलं माणूस काठ लागेपर्यंत आपलं दुखणंखुपणं त्याला सांगून मोकळं व्हायचं, आणि डोमाजी ते विसरत नसे. चाळीस गावांची दुःखं त्याला तोंडपाठ होती, असं म्हणतात.

म्हणून निवडणूक आली तेव्हा लोकांनीच त्याला उभं केलं. डोमाजी घरी येऊन बायकोला म्हणाला, "मी गेलो त डोंगा कोन चालवल?"

भागीरथाबाई जाळं सांधत होती. तिनं मान वर केली नाही. "डोंग्याचं मी पाहीन. तुमी जा."

डोमाजी निवडून आला आणि दिल्लीला गेला. पाच वर्षं बाईनं वल्हं मारलं. खासदार गावी आला की घाटावरच भेटायचा. अर्ज घेऊन आलेल्याला पल्याड पोचवता पोचवता त्याचं ऐकायचा, आणि ओल्या हातानंच सही करायचा. त्या सहीची शाई कधी फुटली नाही, असं म्हणतात.

शेवटच्या वर्षी सरकारनं एक पूल द्यायचं कबूल केलं. जागा खासदारानं सांगायची होती. सोनेरटोला धरूनच चालला होता की पूल आपल्या घाटावर होणार. गावचा पुढारी लहानू कापगते, त्यानं तर नारळही आणून ठेवला. पण खांबाडीच्या मागं, तालुक्याच्या वाटेवर, एक दगडी नाला होता. पावसाळ्यात तो असा खवळायचा की दर साली माणसं न्यायचा. डोमाजीनं कागदावर त्या नाल्याचं नाव घातलं.

गाव जमलं. लहानूनं कारण विचारलं. डोमाजी म्हणाला, "आपल्याले डोंगा आहे. त्या नाल्यात डोंगा चालत नाही."

एवढंच. पण गावाला ते पटलं नाही. पुढच्या निवडणुकीत त्याच्याच गावानं त्याला पाडलं. डोमाजी एक पेटी घेऊन परत आला आणि दुसऱ्या सकाळी घाटावर जाऊन बसला. डोंग्यात कोणी बसेना. लहानूनं दुसरा नावाडी आणला होता. डोमाजीला जेवण गोड लागत नसे. अशी तीन वर्षं गेली.

चौथ्या पावसाळ्यात नदीला कधी नव्हे असा पूर आला. त्याच दिवशी लहानूची सून अडली. सुईणीनं हात टेकले, तालुक्याला न्या म्हणाली. नवा नावाडी पाणी पाहून घाटावरूनच मागं फिरला. लहानू दारात उभा होता, डोमाजीकडे जायला त्याचं पाऊल उचलत नव्हतं. तेवढ्यात डोमाजीच वल्हं खांद्यावर टाकून अंगणात आला. "पोरीले आना," म्हणाला.

म्हातारा पुढं, भागीरथाबाई मागं, मध्ये सून आणि लहानू. चहूकडे झाडं वाहत होती. पण डोमाजीचं वल्हं जिथं पडे तिथं पाणी सारवलेल्या अंगणासारखं सपाट होई, असं म्हणतात. मोठाले मासे डोंग्याला दोन्ही अंगांनी खांदा देत होते, असंही म्हणतात.

डोंगा येताना पाहून खांबाडीकरांनी काठावर बैलगाडी जुंपूनच ठेवली होती. गाडी नाल्याशी आली. खाली पाणी गर्जत होतं आणि वर पूल शांत उभा होता. गाडी पलीकडे गेली. लहानू मागं चालत होता. त्यानं पुलाच्या कठड्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ उचलला नाही. दुपारी सून मोकळी झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सारा सोनेरटोला घाटावर आला. कोणी माफी मागितली नाही, डोमाजीनं ती मागू दिली नाही. लोक एकेक करून डोंग्यात बसले, एवढंच.

आता सगळीकडे पूल झाले. डोमाजीला जाऊन दोन पिढ्या उलटल्या. पण सोनेरटोल्यात मतं मागायला कोणी आलं, कितीही मोठं आलं, तरी लोक त्याला आधी घाटावर नेतात. नदीकडे तोंड करून बसवतात. आपल्या गावासाठी काही मागत नाहीत. गावातली सर्वांत वयस्क बाई डोमाजीच्या नावानं एकच विचारते, "पल्याडच्या गावाले काय देशील?"

आणि तो काय बोलतो ते सारं गाव उभं राहून ऐकतं.