करवतीचे तळे

वरच्या रानात हत्ती राहत आणि खालच्या तळ्याकाठी बाकीचे. हत्तींना कुणाचेच भय नव्हते, म्हणून त्यांच्या रानात शांतता होती. पण ती आपल्या सद्गुणांमुळे आहे असे त्यांना वाटे. तळ्याकाठी सांबरे आणि रानडुकरे होती. त्यांचे पिढ्यान्‌पिढ्या पटत नव्हते. तरी पाण्यावर कधी झुंज होत नसे, कारण तळ्यात एक म्हातारी मगर होती. सगळे तिला करवत म्हणत. सांबरांनी सकाळी यायचे, डुकरांनी दुपारनंतर, हा तिचा नियम. नियम मोडणारा माघारी जात नसे. कधी कधी नियम पाळणाराही जात नसे, आणि त्याबद्दल कुणी विचारत नसे.

एका उन्हाळ्यात सांबरांमधला फाटकान्या डोंगर चढून हत्तींकडे आला. कळपाची थोरली हत्तीण मेदिनी हिच्यापुढे त्याने गुडघे टेकले. त्याचा डावा कान मधोमध चिरलेला होता.

“आईसाहेब, हा कान करवतीनं फाडला. पळालो म्हणून वाचलो. आमची पाडसं पाण्यावर जातात ती परत येत नाहीत. आपण नुसत्या खाली उतरलात तरी सगळा काठ आपल्या पाया पडेल.”

मेदिनीची धाकटी बहीण कातळी शेजारीच उभी होती. तिने सोंडेच्या टोकाने तो कान हलकेच चाचपला. चीर सरळ होती. कडेला दाताची खूण नव्हती.

“मगरीनं धरलेला कान असा सुटत नाही,” ती म्हणाली.

“भीतीत सगळं नीट कुठं आठवतं, बाई?” फाटकान्या म्हणाला आणि खाली बघू लागला.

कळपात चर्चा सुरू झाली तेव्हा सगळ्यांत आधी कातळीची मुलगी आर्द्रा बोलली. ती नुकतीच भरात आली होती आणि कुणाचे दुःख तिला ऐकवत नसे.

“कान कसा फाटला ते राहू दे, आई. गेल्या उन्हाळ्यात वारा खालून येत होता तेव्हा पाडसांचं ओरडणं आपण ऐकलं. मी ऐकलं, तूही ऐकलंस. आपण कान पाडून चरत राहिलो. ते ओरडणंही खोटं होतं का?”

“नव्हतं,” कातळी म्हणाली. “म्हणूनच ते सांगायला कोण आलाय, हे नीट बघायला हवं.”

पण बघायला कुणाला सवड नव्हती. कालपर्यंत तळ्याकाठच्या प्राण्यांचे नावही न काढणारे हत्ती त्या दिवशी गहिवरून बोलत होते. कातळीच्या एक गोष्ट लक्षात आली. बोलताना त्यांचे डोळे तळ्याकडे नसून तळ्यापलीकडच्या कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बेटाकडे जात होते. वरच्या रानातला कळक त्या वर्षी फुलून वाळून गेला होता. हे ती बोलणारच होती. पण तिच्याही तोंडाला पाणी सुटले होते. स्वतःचाच संशय आल्यावर दुसऱ्यांना काय बोलणार? हत्ती डोंगर उतरले.

खाली त्यांच्या पाया पडायला कुणी आले नाही. काठ रिकामा होता. झुडपांतून डोळे तेवढे दिसत होते. शेवटी भुरी नावाची एक म्हातारी सांबरी बाहेर आली, कारण तिला आता पळता येत नव्हते.

“फाटकान्यानं तुम्हाला आणलं म्हणायचं,” ती कातळीला म्हणाली. “त्याचा कान आमच्यातल्याच एकाशी झुंजताना काटेरी जाळीत फाटला. आम्हीच त्याला हाकलला होता.”

“म्हणजे तो खोटं बोलला.”

“कानाबद्दल बोलला. पाडसांबद्दल नाही. माझी दोन गेली, बाई.” भुरीने पाण्याकडे पाहिले. “तुम्ही आलात याचा मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये. का, ते विचारू नका.”

करवत मात्र हाती लागेना. हत्ती पाण्यात शिरले की ती खोल डोहात दडे, आणि हत्ती बाहेर पडले की काठावरचे एखादे जनावर नाहीसे होई. मग फाटकान्याने उपाय सुचवला. तळ्याच्या एका अंगाला बांध होता. तो कुणी घातलेला नव्हता. मुळे, गाळ आणि पडलेली झाडे यांचा तो आपोआप झाला होता. बांध फोडला की पाणी जाईल आणि करवत उघडी पडेल.

“ताई, हा व्हायला किती पिढ्या लागल्या असतील?” कातळी म्हणाली. “पुन्हा घालता येईल आपल्याला?”

“आधी करवत,” मेदिनी म्हणाली. “बांधाचं नंतर बघू. हत्तींना काय अशक्य आहे?”

हत्तींनी खांदे लावले. बांध फुटला आणि तळे खालच्या ओढ्यातून गर्जत निघून गेले. चिखलात करवत पालथी पडलेली दिसली. ती सगळ्यांच्या कल्पनेपेक्षा लहान होती. हत्ती जवळ आले तेव्हा तिने जबडाही उघडला नाही.

“मी होते तोवर या काठावर कुणी कुणाला मारलं नाही,” ती म्हणाली. “ते काम मी एकटी करत होते. आता ते वाटून घ्यावं लागेल.”

मेदिनीने तिच्यावर पाय ठेवला.

त्या दिवशी काठावर झाला तसा आनंद कुणी कधी पाहिला नव्हता, हेही खरेच. पाडसे आणि डुकरांची पिल्ले एकाच चिखलात लोळली. आर्द्रा त्यांच्यामध्ये उभी राहून सोंडेने त्यांच्यावर पाणी उडवत होती. “बघ, आई!” ती ओरडून म्हणाली. कातळीने पाहिले, आणि आपला संशय खोटा ठरला याचे तिला बरे वाटले.

मग पाणी पुरेनासे झाले. तळ्याच्या जागी मधोमध एक डबके उरले होते. हत्तींनी त्याची देखरेख फाटकान्याकडे दिली, कारण तोच एक त्यांच्या ओळखीचा होता. फाटकान्याने सांबरांना सकाळ दिली, दुपार दिली आणि संध्याकाळही दिली. डुकरांनी सुळे उगारले. पहिली झुंज झाली तशी हत्ती दोघांच्या मध्ये उभे राहिले. मध्ये उभे राहायचे म्हणजे पाण्यातच उभे राहायचे, आणि पाण्यात उभा असलेला हत्ती पाणी पितोच. आपण किती पितो ते हत्तीला कळत नाही. कळकाचे बेटही विरळ होत चालले होते. राखण करायची तर पोट भरायला हवे, असे मेदिनीचे म्हणणे होते.

ओंडके रचून त्यांनी नवा बांध घातला. पावसाळ्यात तो वाहून गेला. पुढल्या वर्षी पुन्हा घातला, पुन्हा गेला. काठावरचे प्राणी आता हत्तींना बघून झुडपांत शिरत. पूर्वी करवतीला बघून ते असेच शिरत.

एका दुपारी एक डुक्कर आणि एक सांबर डबक्यापाशी भिडले. आर्द्रा त्यांना सोडवायला धावली. दोघेही हलक्या अंगाचे, चिखलावरून निसटून गेले. ती मात्र पोटापर्यंत रुतली. कळपाने ओढले, ढकलले, खाली फांद्या सरकवल्या. जितके ओढावे तितकी ती आत जात होती. सांबरे एका बाजूला आणि डुकरे दुसऱ्या बाजूला उभी राहून बघत होती.

“आई, त्यांना सांग ना,” आर्द्रा म्हणाली. “मी त्यांच्याचसाठी आले होते.”

कातळीने सांगितले. कुणीही जागचे हलले नाही. भुरी असती तर कदाचित पुढे झाली असती. ती त्याआधीच एका झुंजीत चेंगरून मेली होती. सूर्य मावळायच्या आत आर्द्राची सोंड दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी हत्ती डोंगर चढले. “आपण जे केलं ते भल्यासाठीच केलं,” मेदिनी वाटेत पुन्हा पुन्हा म्हणत होती. फाटकान्या त्यांच्याबरोबरच वर आला आणि वरच्या रानातच राहिला. तिथला चारा त्याला मानवला.

पुढच्या उन्हाळ्यात लेकीची हाडे बघायला कातळी एकटीच खाली उतरली. तळे नव्हतेच, आणि डबकेही आटले होते. सगळा तळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ओल्या चिखलात उमटलेले हत्तींचे पाय आता पक्के झाले होते. त्या खोल ठशांच्या तळाशी तेवढे पाणी झिरपत होते. प्रत्येक ठशापाशी कुणीतरी राखणीला बसले होते. कुठे सांबर, कुठे डुक्कर. पाठी वाकलेल्या, बरगड्या वर आलेल्या. आर्द्रा जिथे रुतली तो खड्डा सगळ्यांत खोल होता, आणि त्यात सगळ्यांत जास्त पाणी होते. त्याच्याभोवती हाडे पडली होती. त्यातली बहुतेक हत्तीची नव्हती.

कातळी दोन पावले पुढे गेली. राखणदारांनी शिंगे आणि सुळे तिच्याकडे वळवले.

“मी काही घ्यायला आले नाही,” ती म्हणाली. “माझी मुलगी आहे तिथं.”

कुणी वाट दिली नाही. ती बराच वेळ उभी राहिली. मग, आपल्यामुळे आणखी काही होऊ नये म्हणून, अगदी सावकाश मागे फिरली आणि काठाजवळ सावलीत ओल टिकून राहिलेल्या मऊ जमिनीवरून चालू लागली. पाठीमागे खुरांचा आवाज आला. तिने वळून पाहिले. तिने नुकत्याच उचललेल्या पावलाच्या जागी हळूहळू पाणी चढत होते, आणि त्याच्या एका कडेला एक सांबर, दुसऱ्या कडेला एक डुक्कर, माना खाली घालून एकमेकांकडे बघत उभे होते.