स्टार्टरमधली काडी

“तासभर बसतो, बुवा. डोळे मिटून. इतकुसंही हलत नाही. आता याच्या पुढचं काय ते सांगा.”

दौलतगीर बुवांनी मान डोलावली. तासभर म्हणजे थोडं नव्हे. त्यांच्या मठात येणारी मंडळी पाचव्या मिनिटाला घोरू लागायची आणि दहाव्या मिनिटाला उठून समाधी लागली होती म्हणून सांगायची.

पण जालिंदर मिस्त्रीला स्वतःचीच बढाई पचेना.

“म्हणजे... हलायचं म्हटलं तरी डावा पाय हलत नाही. बधिर असतो. ते एक आहेच.”

“मग तू बसतोस, का अडकून पडतोस?”

जालिंदरनं दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ केला.

जालिंदर पांचाळ पाण्याच्या मोटारी भरायचा. जळलेली मोटार खोलायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची, वार्निश पाजून उन्हात वाळवायची. पंधरा गावांत त्याच्या हाताला तोड नव्हती, आणि एखाद्या गावाला हे ठाऊक नसलंच तर तो स्वतः जाऊन सांगायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या पायात मुंग्या आल्या त्या गेल्याच नाहीत. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं. गाव मदतीला धावलं. कोणी वात म्हणालं, कोणी करणी म्हणालं, सलूनवाल्यानं फुकटात मान मोडून दिली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे फोटो काढले आणि नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एमएस. मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं वेष्टण शरीर स्वतःच कुरतडतंय.

बाईंना वाटलं होतं, याला समजवायला अर्धा तास जाईल. जालिंदरला अर्ध्या मिनिटात समजलं. इन्सुलेशन गेलंय, तो म्हणाला, आणि हसला. बाईही हसल्या. घरी आल्यावर मात्र तो हसला नाही. इन्सुलेशन गेलेल्या तारेचं काय करतात ते त्याला पुरतं माहीत होतं. उपसून भंगारात टाकतात.

औषध चालू होतं. त्यानं आजाराला लगाम बसला होता. पण दमला की, उन्हात राहिला की पाय संपावर जायचा. जालिंदर मग त्याला शिव्या द्यायचा आणि मुठीनं मांडीवर हाणायचा. आजाराचं नाव आणि हे सगळं फक्त त्याच्या बायकोला, कौसल्याला ठाऊक. ती घरी बसून कॉइली वळायची, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा चांगल्या वळायची. पण हे पंधरा गावांत कोणी सांगत नव्हतं.

उद्या सकाळी बंद पडलेली मोटार काढायला बाजीराव तात्यांच्या विहिरीत उतरायचं होतं. साठ फूट खोल. भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्या, त्यांतल्या चार गायब. वैशाखाचं ऊन. जालिंदरनं काम घेतलं होतं, कारण त्यानं आजवर कुठल्या विहिरीला नाही म्हटलं नव्हतं.

कौसल्या म्हणाली होती, काम हुसेनला द्या. गेल्या आठवड्यात तुम्ही दुकानातल्या तीन पायऱ्यांच्या घोड्यावरून पडलात. विहिरीत पडलात तर मी कोणाला हाक मारू?

हुसेन मुलाणी म्हणजे पलीकडच्या गावचा मिस्त्री. त्यानं भरलेल्या मोटारीला पहिल्याच दिवशी जळका वास येतो, असं जालिंदर दहा वर्षं सांगत आला होता. त्याला फोन करायचा म्हणजे कारण सांगायचं. कारण सांगायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळायचं.

म्हणून तो मठात आला होता.

“ध्यानानं पाय ताब्यात येतो का, एवढंच सांगा,” तो म्हणाला आणि सवयीनं मांडीवर मूठ हाणली. “उद्या सकाळी तात्यांच्या विहिरीत उतरायचंय, तोवर आला पाहिजे.”

बुवा बराच वेळ त्याच्या मुठीकडे बघत राहिले.

“माझी मोटार बघ जरा,” ते म्हणाले. “चालू होते, पाच मिनिटांत बंद पडते. झेंडू वाळतोय.”

जालिंदर मनातून चिडला. पण मठाची रीतच होती ती. मागं एक शिंपी मोक्ष मागायला आला होता, तो चार उशांचे अभ्रे शिवून घरी गेला. बुवांचा झेंडू जिल्ह्यात नाव कमावून होता, आणि बुवा वैराग्यावर बोलताना दर दोन वाक्यांनी त्या झेंडूकडे बघून घ्यायचे.

मोटार आंब्याखालच्या पत्र्याच्या खोपीत होती. जालिंदर पाय ओढत पोचला, पायरीवर टेकला. उलट्या हातानं मोटारीला स्पर्श केला. चटका बसला. मग पान्याचं एक टोक बेअरिंगच्या जागी टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले, आणि बुवांना मोटार चालू करायला सांगितलं. तासभराच्या ध्यानात जे त्याच्या तोंडावर कधी आलं नसेल, ते आता आलं. तो नुसता ऐकत होता.

खट्. मोटार बंद पडली.

“बेअरिंग ठीक आहे. व्होल्टेज कमी येतंय, म्हणून तापते. तापली की स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले तिला बंद करतो. अर्धा तास थांबा.”

“अर्धा तास?” बुवांनी हिरवं बटण दाबलं. मोटार घरघरली, थांबली.

“थांबा म्हटलं ना.”

बुवांनी पुन्हा दाबलं. पुन्हा थांबली. मग त्यांनी आंब्याची एक सुकी काडी उचलली, दोन बोटं लांब मोडली, आणि स्टार्टरचं झाकण उघडून आत अशी काही खुपसली की स्टार्टरला मोटार बंद करताच येऊ नये. मोटार गुरगुरू लागली. बुवा हात झटकून खुश झाले.

जालिंदर कसा उठला ते त्यालाही कळलं नाही. त्यानं लाल मुठीचा मेन स्विच खाली ओढला, काडी उपसली, आणि बुवांना फैलावर घेतलं. साठीपलीकडच्या गोसाव्याशी असं बोलायचं नसतं, पण मिस्त्री लोक मोटारीपुढे देव बघत नाहीत. पंधरा गावांतले शहाणे हेच करतात, तो म्हणाला. सगळे काडी घालतात. मग रात्रीत काळी झालेली मोटार घेऊन दुकानात येतात आणि विचारतात, मिस्त्री, हिला झालं काय. झालं काय म्हणजे? ती सांगत होती ना. पाच वेळा सांगितलं तिनं.

“ती काय कामचुकार आहे का, बुवा? तापली आहे. तिला जरा दम घेऊ द्या. अशी जबरदस्ती करतात का?”

बुवांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं.

“तुझी कोण लागते ती?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“मोटार.”

“माझी... कोणी नाही.”

बुवांनी त्याच्या हातातली काडी घेतली. उलटीपालटी करून बघितली. मग नीट पुसून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली.

“राहू दे. उद्या विहिरीत उतरताना लागेल.”

जालिंदर खिशाकडे बघत उभा राहिला. मग पायरीवर बसला.

आंब्यावर एक खार खाली-वर करत होती. पत्रा तापून टिकटिक वाजत होता.

“ती गार होईपर्यंत तू काय करतोस?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. बसतो. अधूनमधून हात लावून बघतो.”

“मुठीनं?”

“...नाही.”

“शिव्या देतोस?”

“मोटारीला कशाला शिव्या द्यायच्या?”

बुवा उठून झेंडूतलं तण उपटू लागले.

जालिंदर बसून राहिला. थोड्या वेळानं त्यानं मोटारीला उलटा हात लावला. अजून गरम होती. मग तोच हात, तसाच उलटा, त्यानं डाव्या गुडघ्यावर ठेवला. आत काहीतरी बारीक बारीक चरचरत होतं. दोन वर्षं तो ती चरचर हाणून बंद करायला बघत होता. आता पान्यानं बेअरिंग ऐकावं तशी ऐकली. चांगली नव्हती. वाईट म्हणावी तशीही नव्हती. होती.

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पत्र्याच्या उष्म्यावर ढकललं.

खोपीत रेंज नव्हती. मठात रेंज यायची ती फक्त बांधाच्या टोकाला, जिथं ना झाड ना झुडूप. गावातले लोक तिथं एका पायावर, हात वर करून फोन लावायचे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं बुवांकडे तपश्चर्या फारच कडक आहे. जालिंदर पाय ओढत तिथं गेला.

हुसेननं उचलला. जालिंदरनं आधी पावसापाण्याचं विचारलं, मग मुलांचं विचारलं, मग विचारायला काही उरलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. मला एमएस आहे. पायाचा भरवसा नाही. तात्यांच्या विहिरीत तू उतर, मी वरून दोर बघतो.

मग हुसेन म्हणाला की सहाला येतो, आणि दोर मात्र जालिंदरभाईच बघणार असतील तरच उतरतो, दुसऱ्या कोणाच्या हातात आपण जीव देत नाही.

जालिंदरनं फोन खिशात टाकला. बराच वेळ तो तिथंच उभा होता. ऊन टळटळीत. कपाळावरून घाम ओघळत होता, धुकं आलेला डोळा बारीक झाला होता, डावा गुडघा थरथरू लागला होता. पण तोंडावर असं तेज, की जणू पंधरा गावांच्या मोटारी एका दिवसात भरून आला.

“जमलं, बुवा,” त्यानं बांधावरून हाक दिली. “लोकांना वर्षं लागतात. मी एका दुपारात शिकलो. माझ्याइतकी स्वतःची काळजी घेणारा माणूस आता तालुक्यात नसेल.”

बुवांनी झेंडूतून मान वर केली.

“फोन तर कधीचा संपला,” ते म्हणाले. “मग उन्हात कोणाची वाट बघत उभा आहेस?”