एकटा उरलेला खडा

एका डोंगरी मुलखात सुभानजी नावाचा एक नगारची राहायचा. तिथं टेकडीटेकडीवर नगारे होते आणि नदीच्या पाण्याची वर्दी वरून खाली नगाऱ्यांवरच यायची. ठरल्या ठेक्यावर थाप पडली तर एक अर्थ, तिथं नगारा गप्प राहिला तर दुसरा. ऐकणारा दर थापेला एक खडा, असे जोडीजोडीनं मांडायचा. वाजवणारा शेवटी, लागलीच तर, एक थाप वाढवून जोडी पुरी करायचा. खडा एकटा उरला, की समजायचं, निरोप वाटेत बिघडला. मग 'पुन्हा' वाजवून तो परत मागायचा.

सुभानजीच्या टेकडीवरून 'पुन्हा' कधी वाजलं नव्हतं. बापापासूनचा तो मान, बरं का. वरच्या टेकडीवरचा दौलू मात्र सारखा परत मागायचा. सुभानजी त्याला भर बाजारात चिडवायचा, "काय दौलू, कानात बोळे घातलेत का रे?"

एका वर्षी नदीकाठच्या वाळूत जत्रा भरायची होती. पालं ठोकायला माणसं काठावर खोळंबलेली. राजा स्वतः सुभानजीच्या टेकडीवर आलेला. वारा भणाणत होता. दौलूचा नगारा वाजला. अर्थ लागला, पाणी उतरतंय.

राजानं विचारलं, "सोडायची का माणसं वाळूत?"

सुभानजीनं खडे जुळवले. एक खडा एकटाच उरला.

'शेवटची जोडीचीच थाप वाऱ्यानं नेली असेल, निरोप बरोबरच आहे,' मन म्हणालं. खडा मुठीत झाकला असता तर कुणाला कळणार होतं? आणि परत मागायचं कुणाकडं, तर दौलूकडं! पण खाली बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. सुभानजीनं टिपरू उचललं आणि 'पुन्हा' असं वाजवलं, की सगळं खोरं घुमलं.

राजा म्हणाला, "ऐकू येईनासं झालं का, नगारची?"

"येतं, महाराज. म्हणून तर चुकलेलं कळलं."

दौलूनं निरोप सबंध परत वाजवला. या खेपेला खडे जोडीला लागले. पाणी चढतंय! माणसं मागं हटली. दुपार व्हायच्या आत वाळू दिसेनाशी झाली.

पुढच्या बाजारी लोक वाटच बघत होते, आता दौलू उट्टं काढणार. पण सुभानजीच त्याच्या खांद्यावर हात टाकून, मान ताठ करून सांगत सुटला, "मी परत मागितलं! आणि मागितलं ते ह्याच्याकडं!"

दौलू हसला. "निघाले म्हणायचे तुमच्या कानातले बोळे, तात्या."

तात्पर्य: शंका आली की चारचौघांत परत विचारावं, चुकीचा निरोप झटक्यात पुढं धाडण्यापेक्षा त्यातच खरा मान आहे.