साकवाचा पुरावा

‘पण माझं चुकलं कुठं?’

यज्ञेशनं तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओसरीवर बसून अच्युतबुवा केरसुणीसाठी झावळीचे हीर काढत होते.

मठात येण्याआधी बुवा कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. अंगावर भगवी वस्त्रं आली, पण शिकवायची खोड काही गेली नाही. आम्हाला रोज कठीण कठीण इंग्रजी शब्द, आणि जोडीला तर्कशास्त्र. प्रिमाइस म्हणजे आधाराचं विधान, त्यातून कन्क्लूजन म्हणजे निष्कर्ष कसा निघतो, माणूस बोलता बोलता कोणत्या फॅलसीत, म्हणजे तर्कदोषात, पाय घालतो... यज्ञेश त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. मीही शिष्यच, पण माझं इंग्रजी कच्चं. त्यामुळं माझ्या वाट्याला ऐकणंच जास्त.

त्या सकाळी बुवांनी त्याला निरोप धाडला होता, यापुढं मठाची पायरी चढू नकोस. निरोप घेऊन मीच गेलो होतो. खरं सांगायचं तर आनंदानं गेलो होतो. तो तडक माझ्या पाठोपाठ आला.

‘काल गावसभेत मी तुम्ही शिकवलेलंच बोललो,’ यज्ञेश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. ‘शाबासकी राहिली बाजूला, वर हा निरोप?’

‘काय बोललास?’ बुवांनी विचारलं.

‘गिरजाकाकी उठली. शाळेत खिचडी शिजवते ती. म्हणाली, माका सपान पडलां, साकव मोडलो नि पोरां व्हाळात पडली. तेव्हा साकव आधी दुरुस्त करा म्हणे. आणि लागली रडायला.’

साकव म्हणजे आमच्या व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, लाकडी पूल. वाडीतली पोरं त्याच्यावरूनच शाळेत जातात.

‘मग?’

‘मी म्हणालो, स्वप्न हा पुरावा नव्हे. प्रिमाइसच पोकळ, मग कन्क्लूजन उभं कशावर राहणार? आणि रडून मन वळवणं ही तर सरळ सरळ फॅलसी. तिला इंग्रजी नाव आहे, तेही सांगितलं सगळ्यांना.’

‘लोक काय म्हणाले?’

‘हसले. सरपंचांनी पाठ थोपटली. साकवाची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली.’

‘आणि गिरजा?’

‘खाली बसली.’

मी होतो त्या सभेत. ती नुसती खाली बसली नाही. पदराचा बोळा तोंडात धरून बसली, आणि सभा संपली तरी उठेना. तेव्हा याच्या एक कानाखाली द्यावी असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

बुवांनी हातातली झावळी बाजूला ठेवली.

‘मलाही रात्री स्वप्न पडलं,’ ते म्हणाले. ‘साकव भक्कम आहे. त्याला काही धाड भरत नाही.’

‘थट्टा करताय, बुवा.’

‘खोडून काढ.’

यज्ञेश हसला. इतका सोपा पेपर येईल असं त्याला वाटलं नसावं. ‘हेही स्वप्नच. पुरावा नव्हे.’

‘म्हणजे साकव मोडणार?’

‘असं कुठं म्हणालो मी? तुमचं स्वप्न फोल निघालं म्हणून साकव काही कच्चा ठरत नाही. तिचं स्वप्न फोल निघालं म्हणून तो...’

यज्ञेश थांबला.

‘वाक्य पुरं कर. छान चाललं होतं.’

‘...म्हणून तो पक्का ठरत नाही.’ हे तो इतक्या हळू बोलला की मला पुढं सरकून ऐकावं लागलं.

‘मग कशानं ठरतं?’

‘बघायला हवा. साकवच.’

‘बघितलास?’

‘चर्चा तिच्या मुद्द्यावर होती, बुवा. साकवावर नव्हती.’

‘बघितलास का?’

बुवा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या कपाळावरची शीर उडत होती.

‘नाही.’

‘सभेहून घरी कसा गेलास?’

‘चालत.’

‘कुठून?’

यज्ञेशचं घर ओढ्यापलीकडं. साकवावरून गेलं तर हाकेच्या अंतरावर.

‘मोठ्या पुलावरून,’ तो म्हणाला.

‘तो तर केवढा लांब.’

‘हो.’

‘का?’

‘पाणी वाढलंय... आणि त्या मधल्या फळ्या हलतात...’

खांबाला टेकून तो खाली बसला.

बुवा उठले आणि आत गेले. यज्ञेशनं माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. बाहेर येताना बुवांच्या हातात काथ्याचा जाड दोर होता. जत्रेत गर्दीची वाट अडवायला आम्ही बांधतो, तो. त्यांनी तो यज्ञेशच्या मांडीवर टाकला.

‘हे काय, बुवा?’

बुवांनी मला विचारलं, ‘गिरजा आज कामावर गेली?’

‘गेली,’ मी म्हणालो. ‘शनिवार ना, सकाळची शाळा. निरोप घेऊन जाताना दिसली मला. एकेका पोराला हात धरून साकवापलीकडं नेत होती.’

यज्ञेशचा चेहरा उतरला. ‘मी तिची माफी मागतो,’ तो म्हणाला. ‘आज संध्याकाळीच तिच्या घरी जातो. सगळ्यांसमोर सांगतो की माझा तर्क...’

‘संध्याकाळी?’

बुवांच्या तोंडून मी मालवणी कधी ऐकली नव्हती. आम्हाला शिकवताना त्यांनी ती कधी वापरली नाही. त्या दिवशी ऐकली.

‘शाळा अकराक सुटता,’ ते म्हणाले. ‘धाव.’